दीड ते तीन वर्षांचं मूल: घरी काय पाहायचं, कधी थांबायचं नाही

"मुलगे उशिराच बोलतात" असं आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं, तरी त्या भरवशावर सहा महिने घालवू नका. त्यापेक्षा एक वही करा. दर महिन्याला जन्मतारखेच्या दिवशी दहा मिनिटं मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळा आणि जे दिसलं तेच लिहा. मूल 37 आठवड्यांआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत वय डॉक्टरांनी दिलेल्या डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

शब्द मोजताना हमखास चूक होते. मोबाइलवरचं गाणं किंवा एबीसीडी घडाघडा म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे. मूल स्वतःहून, अर्थ धरून, पुन्हा पुन्हा वापरतं तोच शब्द धरा. पाण्याला 'पा' म्हटलं तरी चालेल. घरात मराठी, सोसायटीच्या बागेत हिंदी, पाळणाघरात इंग्रजी असेल, तर तिन्हींतले शब्द एकत्र मोजा. जास्त भाषांमुळे बोलणं अडत नाही. कृपा करून घरातली मराठी बंद करू नका. बोललेलं कळतं का हे पाहायला "चप्पल आण" म्हणताना चपलेकडे पाहू नका की हात करू नका, नाहीतर शब्दांची समज नाही, फक्त खूण कळते का एवढंच तपासलं जातं.

मूल तपासताना आम्ही शब्दांहून बोटाकडे जास्त पाहतो. ठाण्याच्या तलावपाळीवर होडी दिसली की दीड वर्षाचं मूल तिकडे बोट दाखवतं आणि वळून तुमच्याकडे बघतं: तुम्हालाही दिसली ना? हवी ती वस्तू मिळवायला तुमचा हात धरून ओढणं हे याच्या जागी धरू नका.

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा: सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दीड वर्षाला चालत नाही किंवा बोट दाखवत नाही, दोन वर्षांना "बाबा गेले"सारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हातात जोर कमी असू शकतो. आणि आलेले शब्द किंवा नजरेला नजर देणं गेलं, तर वय काहीही असो, थांबूच नका.

बोलणं मागे असेल तर आधी कान तपासा. कुकरच्या शिट्टीला दचकतं म्हणून ऐकू येतं असं धरू नका. मोठा आवाज कळतो, पण 'स', 'श' निसटतात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही ऐकणं कमी-जास्त होतं.

सरकारी वाट अंगणवाडीतून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणी करतं आणि गरज असल्यास पुढे पाठवतं. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तर वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवण तपासणी होते. जाताना वही, लसीकरणाचं कार्ड आणि मूल आपल्या मनानं खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत बरीच मुलं गप्प होतात. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी तपासणी, मूल झोपलेलं असताना होते, म्हणून त्या दिवशी लोकलमध्ये त्याला झोपू देऊ नका.