स्वादुपिंडाच्या स्टेम सेल्सवर काम सुरू करताय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी स्टेम सेल्सपासून स्वादुपिंडाच्या पेशी घडवत होते, आणि मायक्रोस्कोपखाली माझी डिश हिरवीगार चमकली. पीडीएक्स१ या जनुकाचं प्रथिन रंगवून दाखवणारं स्टेनिंग होतं. मी माझ्या गाइड मॅडमना सांगितलं, "स्वादुपिंडाच्या पेशी झाल्या." फोटो पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "आणि ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या नाहीत, हे कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न आधी सांगते.

पीडीएक्स१ नसलेली उंदराची पिल्लं स्वादुपिंडाविना जन्मतात, हे १९९४ मध्ये कळलं. म्हणून पीडीएक्स१ म्हणजे स्वादुपिंड, असं डोक्यात बसतं. पण गर्भात हे जनुक शेजारच्या ड्युओडेनममध्येही चालू असतं. पुढे प्रौढ स्वादुपिंडात ते मुख्यतः इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत टिकतं. म्हणजे एकच खूण जागा आणि वेळ बदलली की वेगळं सांगते. त्याच पेशीत एनकेएक्स६.१ हे दुसरं जनुकही चालू दिसलं, तर योग्य वाटेवर आहोत असं मी मानते.

वेळेचं सगळ्यात कठीण जनुक न्यूरोजेनिन३. ते नसेल तर उंदराच्या स्वादुपिंडात बीटाच काय, कुठल्याच हार्मोन बनवणाऱ्या पेशी तयार होत नाहीत, आणि तरीही ते थोडाच काळ चालू राहतं. एक दिवस चुकला की हातात काही लागत नाही. नमुने रोज काढून ठेवा, कंटाळा आला तरी.

हाताचं काम हाच या विषयाचा मोठा भाग आहे. ॲक्टिव्हिन ए हे संकेत देणारं प्रथिन घालून आधी एंडोडर्म (गर्भाचा सर्वांत आतला थर), मग आतड्याची नळी, मग स्वादुपिंडाकडे वळवायला रेटिनॉइक ॲसिड: गर्भात जे क्रमाने घडतं तेच डिशमध्ये घडवायचं. मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, बदलायला रविवार नाही, दिवाळी नाही. पेशी विरळ पेरल्या गेल्या तर पुढचे दोन-तीन आठवडे वाया जातात. मानवी स्टेम सेल्ससाठी समितीची मंजुरी लागते, तो अर्ज पहिल्याच महिन्यात करा.

मग उंदरावरच काम का करू नये? गाटा६ हे जनुक पाहा. त्याची एक प्रत बिघडली तरी माणसाचं बाळ स्वादुपिंडाविना जन्मू शकतं, हे २०१२ मध्ये समोर आलं. उंदराचं मात्र एका प्रतीवर भागतं. असे प्रश्न मानवी पेशींनाच विचारावे लागतात.

आणि इन्सुलिनचं स्टेनिंग दिसलं म्हणून थांबू नका. मीडियात घातलेलं इन्सुलिन पेशी शोषून घेतात. त्या स्वतः बनवतात का, हे सी-पेप्टाइड (पेशीत इन्सुलिन बनताना सोबत सुटणारा तुकडा) सांगतं, कारण ते बाहेरून घातलेल्या इन्सुलिनसोबत येत नाही. आमच्या पहिल्या चांगल्या बॅचमध्ये सी-पेप्टाइड मिळालं. ग्लुकोज वाढवलं तेव्हा मात्र, खऱ्या बीटा पेशींसारखं, ते वाढलं नाही. पेशी अजून कच्च्या होत्या. त्या पक्व कशा होतील, यावर सध्या माझं काम चालू आहे.