नव्या किडनीआधी लघवीची पिशवी

काही मुलांची किडनी मुळात लघवीच्या पिशवीमुळे जाते. मुलग्यांमध्ये मूत्रमार्गातले जन्मजात पडदे, म्हणजे पीयूव्ही, किंवा पाठीच्या कण्यातला जन्मदोष ही नेहमीची कारणं. पिशवी तशीच ठेवली, तर नवी किडनीही त्याच वाटेने जाते. म्हणून प्रत्यारोपणासाठी आईची किडनी जुळते की आजीची हे ठरत असतानाच पिशवीचं काम सुरू करा.

आधी घरी तीन दिवसांची वही ठेवा. किती प्यायला, किती वाजता किती मिली लघवी झाली, कपडे कधी ओले झाले, शी कधी झाली, सगळं लिहा. पिशवीची क्षमता ढोबळमानाने वय अधिक 1, गुणिले 30 मिली. सहा वर्षांच्या मुलाची 210. मग लघवीआधी व नंतर सोनोग्राफी, एमसीयू (पिशवीत रंगद्रव्य भरून लघवी करतानाचे एक्स-रे) आणि युरोडायनॅमिक्स (पिशवीतला दाब मोजायची तपासणी). पिशवीतला दाब पाण्याच्या 40 सेंमीच्या वर जात असेल तर किडनीला धोका. बद्धकोष्ठ असताना ही तपासणी करू नका, भरलेल्या आतड्यामुळे आकडे फसवे येतात. डायलिसिसवर लघवी जवळजवळ बंद झालेल्या मुलाची पिशवी लहान दिसतेच. तेवढ्यावरून ती आतड्याचा तुकडा जोडून मोठी करायची घाई नको, लघवी सुरू झाली की पुष्कळदा ती ताणते.

पिशवी पूर्ण रिकामी होत नसेल तर ती रिकामी करायला मूत्रमार्गातून नळी (कॅथेटर) घालायला प्रत्यारोपणाआधीच शिकवा. ऑपरेशननंतर रडणाऱ्या मुलाला शिकवणं फार कठीण जातं. साबणाने हात धुवा. लहान मुलाला 6 किंवा 8 नंबरची नळी, मोठ्याला 10 किंवा 12. जेली लावून, मुलग्याचं लिंग सरळ वर धरून हळू आत सरकवा. लघवी यायला लागली की आणखी 1-2 सेंमी. धार थांबल्यावर सावकाश ओढा. मध्येच पुन्हा आली तर तिथेच थांबा. नळी अडली तर जोर लावू नका, मुलाला दीर्घ श्वास घ्यायला सांगा. कण्याचा दोष असलेल्या मुलांना लेटेक्सची ॲलर्जी असू शकते. नळी आणि हातमोजे बिनलेटेक्सचेच घ्या.

नळी दिवसा दर 3-4 तासांनी घाला, घड्याळ बघून. भरल्याची जाणीव या मुलांना भरवशाची नसते. मोठ्या माणसाची किडनी लहान मुलात बसली की लघवी खूप होते, रात्रीही. पीयूव्हीच्या मुलांना म्हणूनच अनेकदा रात्रभर नळी ठेवून बॅग जोडावी लागते. घोडबंदर रोडवरून परळला तपासणीला निघताना दारातच पिशवी रिकामी करा, आणि डब्यात दोन जादा नळ्या, जेली, रुंद तोंडाची बाटली असू द्या. शाळेत वर्गशिक्षिकेला वेळा लिहून द्या.

आतड्याने मोठी केलेल्या पिशवीत चिकट स्राव साठतो. सांगितल्याप्रमाणे सलाइनने धुतली नाही तर नळी तुंबते, खडे होतात. अशा मुलाचं पोट अचानक दुखून फुगलं तर पिशवी फाटलेली असू शकते. थेट इमर्जन्सीत जा.

नळीवरच्या मुलाच्या लघवीत जंतू दिसणारच. ताप किंवा दुखणं नसेल तर निव्वळ रिपोर्टवरून अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप, नव्या किडनीच्या जागी दुखणं किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढणं यापैकी काहीही असेल तर मात्र त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी तपासतात, आणि गणपतीत घरी पपनस आलं तर ते या मुलाला देऊ नका. औषधाची पातळी त्याने वाढते.