जुनी प्रीमियर पद्मिनी घरी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना: आधी पत्रा, मग इंजिन

जुनी पद्मिनी दारात आली की बहुतेक जण पहिल्याच रविवारी बोनेट उघडून इंजिन सुरू करण्याच्या मागे लागतात, आणि ते सुरू झाले की गाडी निम्मी झाली असे समजतात. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. या गाडीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे, ते उघडून बसवणारे मिस्त्री अजूनही सापडतात, आणि ते दोन वर्षे कोपऱ्यात झाकून ठेवले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. पत्र्याचे तसे नाही. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नसते. फ्लोअर, दारांखालची सिल, खांब आणि छप्पर मिळूनच गाडीचा सांगाडा होतो, आणि पुढचे सस्पेन्शन व मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) थेट त्या पत्र्यालाच बांधलेले असतात. पत्रा कुजला तर गाडीचा कणाच कुजलेला असतो, म्हणून कामाचा क्रम पत्र्यापासून सुरू व्हायला हवा.

त्याही आधी कागद. गाडी घेण्यापूर्वी आरसी पुस्तकातील चासी नंबर व इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरील कोरलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत, कारण इंजिन बदललेले असून आरटीओत त्याची नोंद नसेल तर पुढे प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी अडचण येते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. हे सर्व थकलेले असेल तर ते किमतीतून वजा करूनच सौदा करावा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झाली असतील आणि गाडी मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरावर नोंदणी करता येते, परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. माझी गाडी पांढरी म्हणून विकली गेली होती. मागच्या काचेचे रबर उचलून पाहिले तेव्हा छपराच्या कडेला पांढऱ्याखाली पिवळा आणि दाराच्या खांबाला काळा रंग निघाला. ती पूर्वी टॅक्सी होती, आणि टॅक्सीची खासगी गाडी केल्याची नोंद कागदात शोधण्यासाठी मला दोन महिने थांबावे लागले. रबराखालचा रंग पाहण्यास एक मिनिट लागतो. ते मिनिट व्यवहाराआधी द्यावे.

पत्र्याची तपासणी करण्यासाठी एक लोहचुंबक सुती कापडात गुंडाळून घ्यावे आणि ते मडगार्डच्या कमानी, दारांचा खालचा वीतभर भाग आणि सिल यांवरून हळूहळू फिरवावे. जिथे ते पकडत नाही तिथे पत्रा नसून लांबी (खळगे भरण्याची पुट्टी) भरलेली आहे. त्यानंतर रबरी मॅट आणि तिच्याखालचे अस्तर पूर्ण काढावे, कारण काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी त्या अस्तरात महिनोन् महिने राहते आणि फ्लोअर खालून नव्हे तर आतून खाते. गाडीखाली शिरून जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने सिलची खालची कड, फ्लोअर व सिलचा जोड आणि मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती जागा टोचून पाहावी. चांगला पत्रा टणक, खणखणीत आवाज देतो. कुजलेला पत्रा पापडासारखा चुरतो. माझ्या गाडीच्या उजव्या सिलमध्ये स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्यासोबत ओंजळभर तांबडी माती पडली. सिलखालची पाणी निघण्याची भोके कोणी तरी डांबराने बुजवली होती, त्यामुळे पाणी आत साठत राहिले होते. ही भोके, तशीच दारांच्या तळाची भोके, मोकळी राहिलीच पाहिजेत. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीच्या बाबतीत तर हे दुप्पट काळजीने पाहावे.

कापण्याच्या कामात घाई करू नये. गाडी जॅकवर कधीही ठेवू नये. सपाट काँक्रीटवर चार मजबूत लोखंडी घोड्या लावून ती समपातळीत घ्यावी. दारे काढण्याआधी दार आणि खांब यांमधील फटी मोजून वहीत लिहाव्यात, आणि दारे उतरवल्यावर प्रत्येक दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत चौकोनी पाइप आडवा वेल्ड करून ताण द्यावा. हे न करता सिल कापली तर गाडी मधोमध काही मिलिमीटर बसते, आणि मग नवीन सिल कितीही सुबक लावली तरी दार पुन्हा सरळ लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापावी, आणि पक्के वेल्डिंग करण्याआधी दार तात्पुरते टांगून फटी वहीतल्या आकड्यांशी जुळतात का ते पाहावे. पेट्रोलची टाकी आधीच उतरवून गाडीपासून दूर ठेवावी, बॅटरी काढावी आणि हाताशी अग्निशामक ठेवावा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा हमखास वाकतो; ०.८ मिलिमीटर तारेचे मिग वेल्डिंग वापरून टाके एकमेकांपासून दूर दूर, एक इकडे तर दुसरा तिकडे, असे घालावेत आणि मधल्या वेळात पत्रा गार होऊ द्यावा. शिवण पूर्ण झाली की ग्राइंडरने सपाट करून लगेच इपॉक्सी प्रायमर मारावा आणि सिलच्या पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे.

तयार पत्रे मिळतील या भरवशावर राहू नये. अमेरिकेतील मुस्टँगसारख्या मसल कारचे मडगार्डच काय, आख्खी बॉडीदेखील नव्याने बनवून विकली जाते, त्यामुळे तिथल्या चित्रफितींत पॅनेल मागवून बसवण्याचे काम सोपे दिसते. आपल्याकडे सिल आणि फ्लोअरचे तुकडे चांगल्या डेंटरकडून हातानेच घडवून घ्यावे लागतात. कुर्ल्यातच या गाड्या तयार होत, आणि आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चिकाटीने फिरल्यास बरेच काही मिळते. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वयोमर्यादा संपली आणि भंगारातून सुटे भाग येण्याचा तो मोठा ओघ आटला. म्हणून काचा, क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल आणि दिव्यांच्या काचा दिसतील तेव्हा घेऊन ठेवाव्यात. बेअरिंग आणि ऑइल सील मागाहूनही मिळतात.

सस्पेन्शन उघडताना पुढच्या कॉइल स्प्रिंगबद्दल अत्यंत सावध राहावे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती हाड मोडू शकते, त्यामुळे स्प्रिंग कॉम्प्रेसर हाती नसेल तर ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे. किंगपिन (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते ती) आणि बुश झिजले असतील तर अर्धवट दुरुस्ती करू नये, दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. ड्रममधील धूळ हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी. व्हील सिलिंडरचे रबर, तिन्ही होज आणि मास्टर सिलिंडरचे किट सरसकट नवे घालावे. जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते, म्हणजे एक होज फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात; इथे पैसे वाचवणे मला मुळीच पटत नाही. टायरवर ठसा किती शिल्लक आहे हे पाहून समाधान मानू नये, बाजूवरील चार आकडी खुणेत आठवडा आणि वर्ष दिलेले असते ते वाचावे.

इंजिन वर्षानुवर्षे बंद असेल तर स्टार्टर मारू नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, दोन-तीन दिवस थांबावे आणि मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवावे. फिरले की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. एखाद्या सिलिंडरचे कमी आले तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा गेल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असल्याने गाडी एकदा जरी सपाटून तापली असली तरी हेड वाकलेले असू शकते, म्हणून उघडलेच आहे तर लेथवाल्याकडून त्याचे फेसिंग (पृष्ठभागाची सपाटी) तपासून घ्यावे. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-४-२ आहे. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांवर नंबराच्या चिकटपट्ट्या लावाव्यात.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि या गाडीचे मूळ रबर त्यासाठी बनलेले नाही. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालावेत. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. वायरिंगमध्ये कापडी आवरणाचा जुना तुकडा दिसला तर तो जोडत बसू नये, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा करावा.

रंगकाम पावसाळा पूर्ण संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करावे. दमट हवेत मारलेल्या रंगाखाली ओल अडकते आणि वर्षभरात फोड येतात. लांबी पत्र्याचा बारीक खळगा भरण्यापुरतीच असावी, भोक बुजवण्यासाठी कधीही नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना प्लग काढून ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत ते स्टार्टरवर फिरवावे आणि मगच प्लग लावावेत. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले की मॅन्युअलमधील क्रमाने हेडचे बोल्ट पुन्हा कसावेत. पहिले ५०० किलोमीटर गाडी दामटू नये, पण एकाच वेगातही चालवू नये. घरी परतल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी डाग कुठे पडला आहे ते पाहावे: मध्यभागी काळा असेल तर ऑइल, रॅडिएटरखाली असेल तर पाणी, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ती ब्रेकची समजून, गाडी न हलवता, ते चाक त्याच दिवशी उघडावे.