गोव्यातून ताडोब्याला वाघ पाहायला निघण्याआधी

सगळ्यात आधी तारीख ठरवा. आपल्याकडे लांबच्या सहलीचा विषय निघतो तो बहुतेक चवथीच्या सुट्टीत, आणि नेमका तेव्हा ताडोब्याचा गाभा, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो, १ जुलै ते ३० सप्टेंबर. बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, काही प्रवेशद्वारं पावसातही उघडी असतात, पण तेवढ्यासाठी गोव्यातून जाऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत रान हिरवंगार असतं, गवत माणसाएवढं आणि पाणी जागोजागी, त्यामुळे वाघ चार हातांवर असला तरी दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात आणि वाघ उरलेल्या पाण्याला धरून राहतो, म्हणून दर्शनाची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त. माझं मत विचाराल तर होळीच्या वेळचा शिगमो आटोपला की निघावं. पानगळ झालेली असते, मोह खाली पडू लागलेला असतो, आणि ऊन अजून सोसण्याजोगं असतं. आठवड्याचा हिशेब करताना मंगळवार वगळा, त्या दिवशी उद्यानाला सुट्टी असते.

आरक्षण महाराष्ट्र वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. सफारी आधी मिळवा, मुक्काम नंतर. मोहर्ली आणि कोलारा ही दोन्ही ताडोब्याचीच प्रवेशद्वारं, पण मोहर्ली चंद्रपूरकडून जवळ आणि कोलारा चिमूरच्या बाजूला. एकीकडची खोली आणि दुसरीकडची पहाटेची सफारी असं झालं तर झोप आणि पैसा दोन्ही जातात. एका सफारीवर एवढा प्रवास करू नका. तीन-चार फेऱ्या हव्यातच, आणि त्यातली एखादी बफरची घेतली तर खर्चही आवाक्यात राहतो. नावं ओळखपत्रावर असतील तशीच भरा. गोव्यात एकाच माणसाचं आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, म्हणून जे कार्ड सोबत नेणार तेच समोर ठेवून अर्ज भरायचा आणि प्रवेशद्वारावर मूळ कार्डच दाखवायचं.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. ताडोब्यासाठी आधी नागपूर गाठायचं, ते हजार किलोमीटरच्या घरात आहे. मडगाव-नागपूर विशेष गाडी मुदतवाढीवर चालते, तेव्हा तुमच्या तारखांना ती आहे का ते आधी पाहा. विमानाची वेळापत्रकंही हंगामागणिक बदलतात. कशानेही गेलात तरी पोहोचल्या दिवशी सफारी ठेवू नका.

आता उन्हाचं, कारण आपल्या माणसांना खरा त्रास त्याचाच होतो. आपण दमट हवेत वाढलेले, घामाने अंग ओलं झालं की ऊन लागतंय हे आपल्याला कळतं. विदर्भात घाम अंगावर दिसायच्या आधीच वाळतो. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तहान लागेपर्यंत अंगातलं पाणी बरंच गेलेलं असतं. म्हणून घड्याळ पाहून पाणी प्यायचं. घरचं आमसुलाचं आगळ बाटलीत भरून न्या. ते मुळातच खारट असतं, पाण्यात मिसळून घोट घोट घेतलं की तिथल्या उन्हात त्याच्यासारखं दुसरं पेय नाही. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. डोक्याला आणि तोंडाला गुंडाळायला सुती दुपट्टा हवा, तिथली माणसंही उन्हात तसाच बांधून फिरतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी धुळीसाठी मास्क आणि आपला पंप वरच्या खिशात ठेवावा.

हिवाळ्यात जाणार असाल तर उलटी तयारी लागेल. आपल्या कपाटात स्वेटर सापडणं मुश्कील, आणि डिसेंबरच्या पहाटे उघड्या जीपमध्ये वारा हाडांत शिरतो. कानटोपी, हातमोजे आणि जाड जॅकेट मागून आणा, पण न्याच. कपडे खाकी, मातकट, शेवाळी. पांढरा आणि लाल घरी राहू दे, अत्तरही.

गाभा क्षेत्रात मोबाइल न्यायला बंदी आहे. हे मुलांना घरीच सांगून ठेवा, नाहीतर प्रवेशद्वारावर रुसवे होतात. वेळ पाहायला मनगटी घड्याळ आणि ८ बाय ४२ची दुर्बीण पुरे. दुर्बीण नवी असेल तर आधी आठवडाभर गॅलरीतून कावळे-घारी पाहून हात बसवा, कारण वाघ समोर असताना फोकस जुळवत बसायला वेळ नसतो. जीपमध्ये पाठीचं दुखणं असलेल्याला पुढच्या बाकावर बसवा, मागे धक्के जास्त बसतात. ठरावीक थांब्याशिवाय उतरता येत नाही, म्हणून निघण्याआधीचा चहा अर्धा कपच घ्या.

कान तयार करणं हीसुद्धा तयारीच. आपल्या गोव्यातल्या म्हादईच्या दाट रानात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. ताडोब्याचं साग-बांबूचं रान उघडं असतं, तरी वाघ आधी ऐकूच येतो, म्हणजे त्याची चाहूल लागून इतर प्राणी ओरडतात त्यावरून. चितळ ओरडलं तर सावध व्हा, झाडावरून वानर खाकरलं तर आणखी. सांबर मात्र उगाच ओरडत नाही. त्याचा भोंग्यासारखा आवाज आला की गाइड गाडी बंद करायला सांगतो, आणि त्या वेळी कोणी वेफर्सचं पाकीट फोडू नये. ड्रायव्हरला ‘पळव, पळव’ म्हणू नका. गाइडला सुरुवातीलाच सांगा की आम्हाला रानकुत्री, अस्वल, पक्षी सगळं पाहायचंय. मग तो मोकळेपणाने दाखवतो. गवा दिसला तर मुलांना सांगा, हा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी.

आणि निघण्याआधी मुलांना आपल्या वाघांचंही सांगा. गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांत वाघ्रोला, म्हणजे वाघदेवाला, नमस्कार करणारी गावं आहेत. ताडोब्याच्या तलावाकाठीही तारूचं ठाणं आहे, तो वाघाशी झुंजताना मेला अशी तिथल्या आदिवासींची श्रद्धा. त्याच सत्तरीत, गोळावलीला, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिची पिल्लं, असे चार वाघ विषाने मेले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुलं प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं टाळू नका.

ज्यांना एवढं लांब जमणार नाही त्यांनी अनमोड घाट चढून कर्नाटकातली दांडेली गाठावी. तिथल्या काळी व्याघ्र प्रकल्पात वाघ क्वचितच दिसतो, पण धनेश भरपूर दिसतील, आणि शनिवार-रविवारात परत येता येतं. तिथे जळवा असतात. पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर लांब मोजे आणि मीठ सोबत असू द्या.