कुटुंबासाठी नवी गाडी: निवड मागच्या सीटवरून करावी

नवी गाडी घ्यायची ठरली की घरातली चर्चा बहुतेक वेळा मॉडेल, रंग आणि पुढच्या मोठ्या स्क्रीनपासून सुरू होते, आणि शोरूममध्ये गेल्यावर जो चालवणार तोच पुढे बसून निर्णय घेऊन टाकतो. माझे मत वेगळे आहे. कुटुंबाच्या गाडीत चालकाच्या जागेवर एकच माणूस बसतो, बाकी सगळे अन्यत्र बसतात. म्हणून अशा गाडीची पारख मागच्या सीटवरून करावी.

शोरूमला जाण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि गेल्या सहा महिन्यांतले आपले प्रवास आठवून लिहून काढावेत. रोज किती माणसे असतात, किती किलोमीटर जाणे होते, रस्ते गर्दीचे की मोकळे, सोबत काय सामान असते, हे नोंदले की गरज आपोआप स्पष्ट होते. वर्षातून दोनदा सातजण एकत्र जातात म्हणून उरलेले सगळे दिवस सात आसनी गाडी वागवणे मला पटत नाही. अशा बहुतेक गाड्यांत तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन पिशव्यांची जागा उरते, म्हणजे माणसे मावतात आणि त्यांचे सामान मावत नाही. त्या दोन वेळांपुरती मोठी गाडी भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

इंधनाचा निर्णयही याच कागदावरून घ्यावा. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि साठलेली काजळी जळून जाण्यासाठी इंजिन बराच वेळ गरम राहून चालावे लागते. रोज चार-पाच किलोमीटरच जाणे असेल तर ही जाळी तुंबते आणि खर्च वाढतो. इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते, त्यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत तिचा लाभ अधिक दिसतो. विजेवरच्या गाडीबाबत पल्ल्याआधी, म्हणजे एका चार्जिंगमध्ये ती किती अंतर जाते याआधी, एकच प्रश्न विचारावा: रात्री गाडी उभी राहते तिथे चार्जिंगची सोय होऊ शकते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर माहितीपत्रकातला पल्ला कितीही मोठा असला तरी रोजची ओढाताण टळत नाही.

आता मागच्या सीटकडे येऊ. आमच्या मागील गाडीच्या खरेदीत आम्ही मुलाचे चाइल्ड सीट सोबत नेले नव्हते. गाडी घरी आल्यावर ते बसवले, आणि शेजारी दोन मोठ्या माणसांना बसताच येईना. पाच आसनी म्हणून घेतलेली गाडी आमच्यासाठी चार आसनी निघाली. म्हणून चाइल्ड सीट वापरात असेल तर ते शोरूममध्ये न्यावे आणि स्वतः बसवून पाहावे. पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटे घातली की आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवण्याच्या, दोन धातूच्या कड्या हाताला लागतात. त्या सहज सापडतात की गादीत खोल रुतलेल्या आहेत, हे तिथेच कळते. मागे तोंड करून बसवायचे बाळाचे सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडण्याचा धक्का बाळासाठी जीवघेणा ठरू शकतो.

मधल्या जागेकडे तर कोणी पाहतच नाही. व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांचा कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये गाड्यांत आला, तरी त्यानंतर कित्येक दशके मधल्या प्रवाशाला फक्त कमरेचा पट्टा मिळत राहिला. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आणि डोक्यामागे आधार आहे का, हे हात लावून तपासावे. घरातल्या वयस्कर माणसांना मागच्या दारातून आत बसायला आणि बाहेर यायला सांगावे, तेही तीन-चार वेळा. सीट फार खाली असेल तर गुडघ्यांवर भार येतो आणि फार उंच असेल तर चढताना आधार शोधावा लागतो. त्यांच्या चेहऱ्यावरून जे कळेल ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

धडकेच्या चाचणीत गाडीला मिळालेले सुरक्षिततेचे तारे पाहताना चाचणीचे वर्ष आणि तपासलेली आवृत्ती दोन्ही पाहावीत. चाचण्यांचे निकष काळानुसार कडक होत जातात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा आपण घेत असलेल्या आवृत्तीत आहे की केवळ महागड्या आवृत्तीत, हेही विचारावे. छतातली काच सोडावी लागली तरी चालेल, पण ही यंत्रणा सोडू नये.

चाचणीफेरी सगळ्या कुटुंबाला घेऊनच करावी, आणि तीही नेहमीच्या रस्त्यांसारख्या रस्त्यावर. खड्डे, चढ, अरुंद वळण आणि मागे घेऊन गाडी लावणे, इतके तरी झालेच पाहिजे. फेरीचा अर्धा वेळ स्वतः मागे बसावे, कारण धक्के आणि टायरचा आवाज तिथे अधिक जाणवतो.

पैशांच्या बाबतीत किमतीइतकेच विमा, देखभाल, टायर आणि काही वर्षांनी विकताना होणारी घट धरून हिशेब करावा. कर्जाचा दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिल्लकेवर, हे स्पष्ट विचारावे. पाच वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दर म्हणजे फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज. घटत्या शिल्लकेच्या भाषेत तो दर सुमारे १७ टक्के होतो. रंगाबद्दल इतकेच, की तो सर्वांत शेवटी ठरवावा.

ताबा घेण्याचा दिवस आनंदाचा असतो आणि त्यामुळेच घाईचा ठरतो. सह्या करण्याच्या एक-दोन दिवस आधी, उजेडात, गाडी न सजवलेल्या स्थितीत तपासू देण्याची मागणी करावी. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक असतात: १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखा जवळपासच्या असाव्यात. एखादाच टायर वेगळा दिसला तर कारण विचारावे. चेसिसवरचा क्रमांक १७ चिन्हांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात. तो कागदपत्रांशी एकेक चिन्ह बोट ठेवून जुळवावा. धावलेले किलोमीटर पाहावेत, रंगातला फरक तिरप्या उजेडात पाहावा, सगळ्या काचा, दिवे, वायपर आणि प्रत्येक सीटचा पट्टा चालवून पाहावा, डिकीतली चटई उचलून जॅक व पाना आहेत याची खात्री करावी आणि दोन्ही किल्ल्या वापरून पाहाव्यात. काही दोष आढळला तर ‘नंतर करून देऊ’ या शब्दावर न थांबता तो लेखी नोंदवून घ्यावा, दुरुस्ती झाल्यावर गाडी पुन्हा तपासावी आणि त्यानंतरच ताब्याच्या कागदावर सही करावी.