पेसा ग्रामसभा: पाड्याचा आवाज दाबणाऱ्या या चुका टाळा

महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत पेसा क्षेत्र आहे, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेला आदिवासी भाग. तिथे सरपंच आदिवासीच असतो. तरीही पाड्यावर बातमी येते तोवर निर्णय होऊन गेलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ग्रामपंचायतीची सभा झाली की ग्रामसभा झाली, असं धरून चालणं. सभा भरते मोठ्या गावात, तीही ऐन भातलावणीत किंवा तेंदूच्या हंगामात. लांबच्या पाड्यावरच्या माणसाने मजुरी बुडवून, डोंगर उतरून यायचं कसं? १९९६ च्या पेसा कायद्यात गावाची व्याख्याच निराळी आहे. परंपरेने आपला कारभार पाहणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, आणि अशा प्रत्येक गावाची ग्रामसभा वेगळी. राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट दिली आहे. ठराव करा, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर कागद कुठे अडला हे विचारायलाही आधार उरत नाही.

कोऱ्या पानावर अंगठे घेऊन ठराव मागाहून लिहिणं ही दुसरी चूक. मला तर हा सरळ अन्याय वाटतो. ठराव सभेतच लिहा. गोंडी, पावरी, कोरकू, जी घरात बोलतात त्या भाषेत वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या. पानाचा फोटो मोबाइलवर ठेवा.

बायकांना मागे बसवू नका. मोह, तेंदू, डिंक कुठे किती मिळतो हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरच्या हक्काच्या दाव्यांसाठीच्या सभेला ग्रामसभेचे निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. आधी महिला सभा घ्या, तिचे ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरवा.

हात वर करून पाच मिनिटांत विषय संपवण्याचीही घाई नको. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यास गटात त्यावर भरपूर बोलणं होतं. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत जातो. वेळ लागतो, पण निर्णय सगळ्यांचा असतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळवलेलं हे गाव आहे.

राहिला पाच टक्के अबंध निधी, म्हणजे आदिवासी उपयोजनेतून पेसा ग्रामपंचायतींना मिळणारा पैसा. त्याचं पासबुक दर सभेत मोठ्याने वाचा.