अर्धशिशीची गोळी: लवकर घ्या, पण मोजून घ्या

“दादा, डोक्याची गोळी द्या की. मागच्या वेळचीच.”

सोलापुरात पूर्व भागात माझं मेडिकल आहे, त्यामुळे हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा कानावर पडतं. मागच्या वेळची म्हणजे कुठली, ते बहुतेकांना सांगता येत नाही. स्ट्रिपमधून कापून दोनच गोळ्या नेलेल्या असतात आणि नाव राहिलेलं असतं दुकानातल्या तुकड्यावर. जरा खोदून विचारलं तर उत्तर ठरलेलं: “पित्ताचं डोकं आहे हो. उलटी झाली की उतरतं.” अर्धं डोकं ठणकतंय, उजेड नको वाटतो, मागाचा खडखडाट डोक्यात घण घातल्यासारखा बसतो, मळमळतंय, जिना चढला की ठणका वाढतो. याला घरात पित्त म्हणत असले तरी बऱ्याचदा ती अर्धशिशी असते, आणि औषध न घेता ती 4 तासांपासून 72 तासांपर्यंत मुक्काम ठोकू शकते. उलटी हा त्या झटक्याचाच भाग आहे. शेंगा चटणीवर खापर फोडून पित्ताची गोळी घेतल्यानं झटका थांबत नाही.

झटका थांबवणारी चांगली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. ती कशी घ्यायची ते एकेक करून सांगतो. आकडे मोठ्या माणसांसाठीचे आहेत. तुमच्या चिठ्ठीवर वेगळा आकडा असेल तर चिठ्ठी खरी.

पायरी 1: निदान एकदा पक्कं करून घ्या

काउंटरवर उभं राहून निदान होत नाही, माझ्याकडूनही नाही. डॉक्टरांनी एकदा तपासून “ही अर्धशिशीच” असं सांगितलेलं असावं. त्यानंतरही काही दुखणी अशी असतात की गोळी शोधत बसायचं नाही: एका मिनिटात टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी न झालेली डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, किंवा गरोदरपणात नव्यानं आलेलं. अशा वेळी 108 ला फोन करा किंवा जवळ असेल ते मोठं रुग्णालय गाठा. आपल्याकडे सिव्हिल चोवीस तास उघडं असतं. पावसाळ्यात तापासकट डोकं दुखत असेल तर डेंग्यूची शंका आधी घ्यायची. त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पायरी 2: डॉक्टरांपुढे औषधांची सगळी पिशवी ओता

“बीपीची एक लहान गोळी आहे” एवढ्यावर भागत नाही. घरातली औषधाची पिशवी उचला आणि तशीच टेबलावर रिकामी करा. हार्टचा त्रास, लकवा येऊन गेलेला, आटोक्यात नसलेलं बीपी, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, दमा, अल्सर, किडनी, गरोदरपण, अंगावर पाजणं, यातलं जे असेल ते डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर लाजून लपवू नका, ट्रिप्टान गटाच्या अर्धशिशीच्या गोळ्यांबरोबर (पायरी 3) त्यांचा हिशोब बघावा लागतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना झटक्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसत असतील, तर ते मुद्दाम सांगायचं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आणि अशी अर्धशिशी एकत्र आली की लकव्याचा धोका वाढतो.

पायरी 3: आपल्या स्ट्रिपवर काय लिहिलंय ते वाचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

साध्या वेदनाशामकांत पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन येतात. नॅप्रोक्सेन आपल्याकडे बऱ्याचदा मळमळीवरच्या डोम्पेरिडोनसोबत एकाच गोळीत असतं. हलक्या झटक्याला एवढं पुरतं. रिकाम्या पोटी घेऊ नका. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना, दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या माणसानं नॅप्रोक्सेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर किडनीवर ताण येतो. आधी पाणी, ताक, मग गोळी.

दुसरा गट ट्रिप्टानचा: सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान आणि त्यांची भावंडं. ही नुसती वेदनाशामकं नव्हेत. अर्धशिशीत फुगलेल्या रक्तवाहिन्या ती आवळतात आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंना शांत करतात. कंबर दुखली, दात दुखला म्हणून घ्यायची ही गोळी नव्हे. रक्तवाहिन्या आवळत असल्यामुळेच हार्टच्या आणि लकव्याच्या रुग्णांना ती चालत नाही. घेतल्यावर काहींना मान, जबडा किंवा छाती जड वाटते, अंगात मुंग्या येतात, गुंगी येते. बहुतेकांचं हे थोड्या वेळात जातं. पण छातीतलं दुखणं जोरात असेल, हाताकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर ते औषधाचं आहे असं घरबसल्या ठरवू नका, थेट दवाखाना. आणि गुंगी असताना गाडी नको, मागावर उभं राहणंही नको.

तिसरी जुनी गोळी, एर्गोटामाइनची. त्यात कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचं प्रोक्लोरपेराझिन मिसळलेलं असतं. “मागच्या वेळचीच” म्हणून मागतात ती पुष्कळदा हीच. एर्गोटामाइनही रक्तवाहिन्या आवळतं, आणि जास्त वेळ आवळून धरतं. म्हणून हा नियम पाठच करा: एर्गोटामाइन आणि ट्रिप्टान एकाच दिवशी कधीही नाही, दोहोंमध्ये 24 तासांचं अंतर हवं. सकाळी शेजारणीनं दिलेली जुनी गोळी आणि दुपारी डॉक्टरांनी दिलेली नवी गोळी, असं नकळत होतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं किंवा बुरशीवरचं इट्राकोनाझोल चालू असताना एर्गोटामाइन अंगात साठतं आणि बोटांचा रक्तपुरवठा बंद पडण्यापर्यंत वेळ येते. गरोदरपणात ही गोळी पूर्ण वर्ज्य.

आणि फ्लुनारिझिन, प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन? ही रोज घ्यायची औषधं आहेत, झटके येऊ नयेत म्हणून. डोकं दुखायला लागल्यावर यातली एक जास्तीची घेऊन काही होत नाही. घरी त्या स्ट्रिपवर स्केचपेननं “रोज” आणि दुसरीवर “दुखल्यावर” असं लिहून ठेवा. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टान 10 ऐवजी 5 मिलिग्रॅमची लागते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी 4: वेळ साधा

आपल्या लोकांची खोड अशी की गोळी वाईट, म्हणून जमेल तेवढं सोसायचं. अंगाऱ्याचं बोट कपाळावर, पदरानं डोकं आवळून बांधायचं, आणि अगदीच उलट्या सुरू झाल्या की मेडिकल गाठायचं. अर्धशिशीत हे उलटं पडतं. झटका रंगात आला की जठराचं काम मंदावतं, आणि पोटात गेलेली गोळी तिथेच बसून राहते. म्हणून हा झटका आपल्या ओळखीचाच आहे असं कळलं की दुखणं हलकं असतानाच गोळी घ्यायची. ट्रिप्टान डोळ्यांपुढच्या रेषा दिसत असताना नव्हे, तर प्रत्यक्ष डोकं दुखायला लागल्यावर घ्या. मग अंधारी खोली, पाणी, आणि मोबाईल लांब.

सुमाट्रिप्टान बहुधा 50 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. दोन तासांत उतार पडला, पण पुन्हा डोकं वर काढलं, तर किमान दोन तासांच्या अंतरानं दुसरी घेता येते. पहिलीनं काहीच फरक पडला नाही तर त्याच झटक्यासाठी दुसरी ट्रिप्टान घेऊ नका, ती सहसा उपयोगी पडत नाही. 24 तासांत सुमाट्रिप्टानच्या गोळ्या 200 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. एकदा लागू पडली नाही म्हणून औषध फेकूनही देऊ नका. दोन-तीन झटक्यांत बघा, मग डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलतात. एका नावाची ट्रिप्टान चालली नाही तरी दुसऱ्या नावाची चालू शकते.

पायरी 5: उलट्या होत असतील तर

जिभेवर विरघळणारी रिझाट्रिप्टान पाण्याशिवाय घेता येते, म्हणून एसटीत किंवा हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलेल्याला सोयीची. मात्र ती लवकर लागू पडते हा गैरसमज आहे. तीही आतड्यातूनच रक्तात जाते. प्रत्येक झटक्यात उलट्याच होत असतील तर नाकात मारायचा स्प्रे किंवा इंजेक्शन, आणि जोडीला उलटीची गोळी, याबद्दल डॉक्टरांशी बोला. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली म्हणून आपल्या मनानं दुसरी गिळू नका.

पायरी 6: दोनदा तीच गोळी जात नाही ना, बघा

सुमाट्रिप्टान आणि नॅप्रोक्सेन एकत्र असलेली गोळी मिळते. ती घेतल्यावर वरून नॅप्रोक्सेन-डोम्पेरिडोन घेतली की नॅप्रोक्सेन दुप्पट. पॅरासिटामॉलचंही तसंच: सर्दीच्या गोळीत ते असतं, एर्गोटामाइनच्या गोळीतही असतं. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. चष्मा लावा, नाहीतर मला वाचायला सांगा, त्यासाठीच मी काउंटरला उभा असतो. आणि स्ट्रिपमधून गोळ्या कापून नेणार असाल तर नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा मागून घ्या. त्यासाठी दोन गोळ्या जास्त विकत घ्याव्या लागल्या तरी चालतील.

पायरी 7: कॅलेंडरवर खूण करा

लवकर घ्या म्हटलं की माणूस डोकं जरा जड वाटलं तरी घ्यायला लागतो, आणि मग औषधच डोकं दुखवायला लागतं. हे खरंच होतं. ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा मिश्र गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, अथवा साधी वेदनाशामकं 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी जडू शकते. रोज सकाळी उठतानाच डोकं धरलेलं, गोळी घेतली की चार तास बरं, पुन्हा तेच. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. आठवड्यात दोन दिवसांच्या आत ठेवलं तर या भानगडीत पडायची वेळ सहसा येत नाही. आधीच पडला असाल तर गोळ्या सोडताना काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सोडा. महिन्यात चार किंवा जास्त दिवस झटके येत असतील तर रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विषय काढा.

गोळ्या ठेवायच्या कुठे? 30 अंशांच्या आत. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर नको.

खूण करायचं मी सगळ्यांना सांगतो, करतात थोडे. एक विडी वळणाऱ्या मावशी मात्र महिन्यानं कॅलेंडरचं पानच फाडून घेऊन आल्या. गोळी घेतलेल्या दिवशी “गो” लिहिलं होतं, सात ठिकाणी. काही तारखांवर “पा” होतं. “ते नळाला पाणी आलेला दिवस,” त्या म्हणाल्या, “ते नेहमीच लिहिते.” पानावर बोट ठेवून बघितलं तर सातातले पाच “गो” थेट “पा”च्या दुसऱ्या दिवशी. पाणी रात्री दोनला येतं, हंडे-पिंप भरून होईपर्यंत चार वाजतात, मग झोप कुठली आणि सकाळी पोटात काही टाकायचंही भान नाही. ते पान घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. चिठ्ठीवर एक रोजची गोळी लिहून आली, आणि खाली डॉक्टरांच्याच अक्षरात: “पाणी मुलाने भरावे.”